चार हजार एकशे बारा दोरे

टाचणीबाईंचं खरं नाव हजेरीपटावर रोज दिसायचं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं संग्रहालयाच्या भिंतींनाही आठवत नसेल. शंभर वर्षांच्या कागदात गंजून बसलेली टाचणी कागदाला ओरखडा न उठवता काढावी तर ती याच बाईने, म्हणून टाचणीबाई. नोकरीला लागल्या त्या झाडलोट करायला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईच्या हाताला घाई नाही, आणि त्यांना तळघरात कागदपत्रांच्या खोलीत नेऊन बसवलं. बसवलं ते बसवलंच, सव्वीस वर्षं. खोलीला खिडकी एक, तीही छताला लागून, तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आपल्याला निम्मं शहर चपलांवरून ओळखू येतं, असं बाई स्वतःच हसून सांगायच्या.

त्यांना खोड एकच, काही टाकवायचं नाही. कागदातून निघालेल्या टाचण्या एका बरणीत, क्लिपा दुसऱ्या बरणीत, आणि सुतळ्या, दोरे, फिती वगैरे तिसऱ्या बरणीत. कशाला हवंय हे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, असू द्या हो, खायला मागतंय का? त्या तिसऱ्या बरणीचं पुढे काय झालं तेच सांगायचंय.

त्याआधी डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. संग्रहालयाच्या जिन्याच्या वळणावर त्यांचा अर्धपुतळा आहे. होते ते माणसांचे डॉक्टर, पण दवाखान्यात कमी आणि रानात जास्त. या भागातल्या पाखरांची पहिली यादी त्यांनी केली, जाडजूड पुस्तक लिहिलं, एका बारक्या तपकिरी पाखराला त्यांचं नावही मिळालं. पुतळ्याखाली संगमरवरात कोरलंय की या प्रदेशातल्या पाखरांचा त्यांनी एकट्याने शोध घेतला. त्या 'एकट्याने'पाशी आल्या की टाचणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि जिना तर दिवसातून दहा वेळा चढायला लागायचा.

एकट्याने कसला डोंबलाचा? पाखरं धरायला, मारायला, सोलायला, आत कापूस भरून त्यांना पुन्हा पाखरासारखं करायला एक माणूस होता. डॉक्टर तंबूत बसायचे आणि हा माणूस पहाटेपासून काट्याकुट्यातून सरपटायचा. एकतीस वर्षं सरपटला. तो माणूस म्हणजे टाचणीबाईंचे आजोबा, वडलांचे वडील. डॉक्टरांच्या पुस्तकात दीडशे चित्रं आहेत, नऊ नकाशे आहेत, शिकारी कुत्र्याचासुद्धा एक फोटो आहे. आजोबा कुठेच नाहीत.

ही गोष्ट घरात आप्पांनी जिवंत ठेवली. आप्पा म्हणजे बाईंचे वडील. चाळीस वर्षं शाळामास्तर. दुसऱ्यांच्या पोरांच्या हातावर पट्ट्या मारून मारून त्यांची अक्षरं वळणावर आणली. आता अठ्ठ्याऐंशीचे, डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, खिडकीजवळच्या खाटेवर दिवसभर बसून असायचे. पण आजोबांचा विषय निघाला की पाठ ताठ व्हायची. माझ्या बापाचं अक्षर म्हणजे मोती, ते सांगायचे. डॉक्टरचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. पाखराच्या पायाला बांधायची लेबलं सगळी माझ्या बापाने लिहिलेली, डॉक्टर नुसता सही ठोकायचा. बाईंनी हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मोत्यासारखं अक्षर त्यांना डोळे मिटून दिसायचं. शेवटी आप्पा दर वेळी एकच म्हणायचे, की मरायच्या आधी आपल्या घराण्याचं नाव त्या लेबलांवर लागल्याचं माझ्या कानावर पडू दे, मग काय व्हायचं ते होवो.

घरात आप्पा, धाकटा भाऊ, वहिनी आणि बाई. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, ते विचारायचं वय आता त्यांचंही नव्हतं आणि विचारणाऱ्यांचंही. त्यामुळे आडनाव आप्पांचंच राहिलं होतं.

तर एके दिवशी मॅडम आल्या. जुन्या निसर्ग अभ्यासकांचे सगळे कागद फोटो काढून संगणकावर चढवायचे, म्हणजे जगात कुणालाही कुठूनही बघता येतील, असा प्रकल्प मंजूर झाला होता आणि मॅडम त्याच्या प्रमुख. मॅडम स्वभावाने वाईट नव्हती. भराभर चालायची, भराभर बोलायची, तळघरात येऊन बसायला तिला कमीपणा वाटत नसे. पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं की या कागदांवर आजवर फक्त मोठ्यांची नावं लागली, पण ज्यांनी मागे राहून हाडं झिजवली त्यांचीही लागायला हवीत, म्हणून नोंदीत 'संग्राहक' या रकान्याखाली 'साहाय्यक' असा नवा रकाना ठेवलाय. टाचणीबाईंनी सव्वीस वर्षांत बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. आजोबांचं सगळं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुरावा हवा. त्यांच्या हातचं काहीही सापडू दे, ज्या ज्या लेबलावर त्यांचा हात असेल त्या त्या लेबलावर त्यांचं नाव मी चढवते.

बाई त्या दिवशी घरी चालत गेल्या की उडत, त्यांनाच ठाऊक. आप्पांना सांगितलं. लेबलं सगळी माझ्याच हाताखालून जाणार आहेत, आजोबांचं अक्षर मी शोधून काढते. आप्पांनी मान हलवली, जरा वेळाने पाणी मागितलं, आणि कूस बदलून झोपले. बाईंना वाटलं, म्हातारा गहिवरला.

काम सुरू झालं ते लेबलांपासूनच, कारण ती लहान आणि सुटी. खुद्द पाखरं कधीच गेली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांना कसर लागली, तेव्हा ती जाळून टाकली आणि पायातून सोडवलेली लेबलं तेवढी पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवली. एकोणतीस डबे. लेबल म्हणजे दोन बोटं रुंदीचा जाड कागद, एका टोकाला भोक, भोकातून ओवलेला वीतभर दोरा. वर शाईने पाखराचं नाव, तारीख, आणि जागेच्या ठिकाणी बहुतेक वेळा नुसतं 'डोंगराळ भाग'. एवढा विद्वान माणूस आणि जागा लिहायला एवढा कंजूष कसा, याचं मॅडमना नवल वाटायचं.

कामाचे नियम मॅडमनी एका कागदावर छापून भिंतीला लावले होते. सातवा नियम असा: टाचण्या, क्लिपा, दोरे, सुतळ्या व इतर जोडलेल्या वस्तू फोटोपूर्वी काढून टाकाव्यात. नियम शहाणपणाचाच होता. गंजलेली टाचणी कागद खाते, आणि दोऱ्याची सावली अक्षरावर पडते. फोटो काढणारा माणूस तर दोऱ्यांना शेपट्या म्हणायचा. बाई, आधी शेपट्या छाटा आणि मगच माझ्याकडे पाठवा, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. बाई लेबल हातात घ्यायच्या, मऊ कुंचल्याने धूळ झटकायच्या, बारक्या कात्रीने भोकाशी दोरा कापायच्या, दोरा बरणीत, लेबल ट्रेमध्ये. मग संगणकावर एक तक्ता यायचा. 'जोडलेल्या वस्तू' या रकान्यात 'आहेत' किंवा 'नाहीत' यांपैकी एकावर खूण करायची. त्या 'नाहीत'वर खूण करायच्या, कारण तोवर नसायच्याच. सगळ्यात खाली 'पूर्वतयारी' असा रकाना होता, तिथे मॅडमनी बाईंचं पूर्ण नाव एकदाच भरून ठेवलं होतं, ते आपोआप यायचं.

दिवसाला साठ लेबलं व्हायची. कधी सत्तर. मॅडम सगळ्यांना सांगायच्या की टाचणीबाईंसारखा हात शोधून सापडायचा नाही. आणि बाई प्रत्येक लेबल दिव्याखाली धरून शाईचं वळण बघायच्या. डॉक्टरांचं अक्षर आठवड्यात ओळखीचं झालं. त्या दुसऱ्या अक्षराची वाट बघत होत्या. दोऱ्याकडे कोण बघतंय? गाठी होत्या हो त्याला. जुना दोरा, त्यात गाठी पडायच्याच. एकदा मात्र, चौथा का पाचवा डबा असेल, एका दुपारी त्यांच्या मनात आलं की किती सारख्या गाठी पडल्यात, कुणीतरी मुद्दाम मारल्यासारख्या. आलं, आणि कात्री चालली. संध्याकाळी घरी गेल्यावर वहिनी त्यांच्या बाहीवर चिकटलेले दोरे उचलून फेकायची आणि म्हणायची, ताई, कचेरीत गोधड्या शिवता की काय?

सातव्या डब्यात दुसरं अक्षर सापडलं. बारीक, डावीकडे झुकलेलं, सुबक. एकूण दोनशे बारा लेबलांवर. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. संध्याकाळी आप्पांच्या खाटेपाशी बसून, कधी नव्हे तो त्यांचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, आप्पा, सापडलं. आप्पांनी विचारलं, काय सापडलं. अक्षर सापडलं म्हटल्यावर म्हातारा तोंड दुसरीकडे वळवून म्हणाला, तेच असणार. पुढे पंधरा दिवस बाई हवेत होत्या. मग मॅडमनी पत्रांची पेटी उघडली आणि तिच्यात डॉक्टरांच्या बायकोने लिहिलेल्या घरसामानाच्या याद्या निघाल्या. तेच अक्षर, तेच झुकणं. नवरा आजारी असताना बायकोने लेबलं लिहून दिली होती. बाईंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पा फक्त "असं होय" म्हणाले. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. त्यांनीच आप्पांची समजूत घातली, अजून पुष्कळ डबे आहेत म्हणाल्या.

तेही डबे संपले. चार हजार एकशे बारा लेबलं झाली, तिसरं कुठलंच अक्षर निघालं नाही. तिसरी बरणी मध्येच भरली म्हणून बाईंनी सगळे दोरे एका मोठ्या बरणीत ओतले, दाबून बसवले, झाकण लावलं.

मग वह्या आल्या. डॉक्टरांच्या रानातल्या रोजच्या नोंदी, सदतीस वह्या. त्यांच्या पानांना लावलेल्या टाचण्या काढायचं काम बाईंचं. सव्वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे त्या कागद हाताळायच्या, वाचत नसत. पण अकराव्या वहीत एका पानाला तीन टाचण्या होत्या, तिसरी काही केल्या निघेना, आणि तिच्याशी झटताना डोळ्यांखालचा मजकूर आपसूक वाचला गेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं:

"माझ्या माणसाला अक्षर येत नाही. तो पाखराच्या दोऱ्याला गाठी मारून ठेवतो. नर की मादी, कुठल्या जागी मिळालं, किती चढणीवर, घरटं होतं का, सगळं गाठींत. संध्याकाळी दोरा बोटांत धरून तो सांगतो आणि मी लेबल लिहितो. सगळं लिहीत बसायला मला वेळ नसतो, आणि गरजही नाही. दोऱ्यात आहे तेवढं पुरे."

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग मान वर करून फळीवरच्या मोठ्या बरणीकडे बघितलं. फोटोवाल्याने विचारलं, काय झालं, तर टाचणी टोचली म्हणाल्या.

संध्याकाळ होताच त्या निघाल्या. घरी आल्या, चपला काढल्या आणि सरळ आप्पांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, आजोबांना लिहिता येत होतं का?"

आप्पा आधी भडकले. बापाच्या बापाबद्दल असं विचारतात का, शिकवलं काय तुला, वगैरे. बाई हलल्या नाहीत, पुन्हा तेच विचारलं. म्हातारा हातातल्या चादरीचा काठ चुरगाळत राहिला. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाला, "नव्हतं येत. अंगठा उठवायचा माझा बाप."

मग ते बोलत सुटले. शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं होतं, वडील काय करायचे. डॉक्टरांचे लेखनिक होते, असं तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. लग्नाच्या बोलणीत तेच सांगितलं, बायकोला तेच, पोरांना तेच, आणि सांगता सांगता ते अक्षर त्यांनाही दिसायला लागलं. दुसऱ्यांच्या पोरांना अक्षर गिरवायला लावणाऱ्या मास्तराचा बाप अंगठाबहाद्दर, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? बाईंना त्या क्षणी त्यांचा राग आला, इतका की त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पण आप्पांना ते दिसणार नव्हतं. सत्तर वर्षांचं ओझं उतरल्यामुळे त्यांचा चेहरा उलट उजळला होता. त्यांनी उशीच्या खोळीची नाडी ओढून काढली आणि बोटांनी भराभर गाठी मारून दाखवायला लागले. लेबलापासून मोजायचं. एक गाठ नर, दोन जोडून मादी. मग बोटभर जागा. मग चढणीच्या गाठी, जितक्या उंचावर तितक्या जास्त. पाणवठा असेल तर मुरडलेली गाठ. घरटं असेल तर शेवटी फासा. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून हे ते शिकले होते, अक्षरं शिकायच्या आधी.

"किती लेबलं आहेत म्हणालीस? चार हजार? म्हणजे चार हजार दोरे," आप्पा म्हणाले. "अक्षराचं काय घेऊन बसलीस, बापाचा हातच आहे की प्रत्येकाला. मला ने तिथे. नाहीतर डबा घरी आण. मी एकेक वाचून देतो, तू लिहून घे."

ते दोरे आपणच कापलेत हे सांगायला बाईंची जीभ उचलेना. बघते, म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. वहिनीने विचारलं, आप्पा आज एवढे खुशीत कसे, तर बाईंनी पोळपाट पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणि बरणी दोन्ही मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पान वाचलं. त्या दाराकडे गेल्या, दार लावलं आणि परत येऊन पहिला प्रश्न विचारला तो हा:

"हे कुणाला बोललात का?"

मग पांढऱ्या कागदावर बरणी उपडी केली. दोरेच दोरे, एकमेकांत गुंतलेले, सगळे एकाच रंगाचे. मॅडमनी भिंग लावून दोन तास घालवले. गाठी होत्या, एकही सुटलेली नव्हती, आजोबांनी मारलेली प्रत्येक गाठ शाबूत होती. पण कुठला दोरा कुठल्या लेबलाचा, हे आता सांगणार कोण? डब्याचा क्रमसुद्धा उरला नव्हता, बाईंनी स्वतःच सगळे मोठ्या बरणीत ओतले होते. कुठलं पाखरू किती उंचीवर राहत होतं, कुठे घरटं करत होतं, शंभर वर्षांपूर्वीची ती सगळी माहिती त्या टेबलावर पडली होती आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मॅडम रडल्या. बाईंना त्यांची कीव आली. पण रडून झाल्यावर मॅडमनी अहवाल लिहिला, आणि कीव तिथे संपली. अहवालात एकच ओळ होती: पूर्वतयारीच्या टप्प्यावर संबंधित कर्मचाऱ्याकडून काही पूरक साहित्य विलग झाले. नियम सात कुणी लिहिला, हे त्यात नव्हतं. भिंतीवरचा कागदही त्याच आठवड्यात बदलला आणि नव्या कागदावर दोऱ्यांचा उल्लेख नव्हता.

साहाय्यकाच्या रकान्याचं बाईंनी विचारलं. निदान आता तरी आजोबांचं नाव? मॅडम नजर चुकवत म्हणाल्या की वहीत नुसतं 'माझा माणूस' लिहिलंय, तो माणूस तुमचेच आजोबा याला कागदी आधार काय? आणि कुठल्या लेबलावर लावायचं? आता त्यांचा हात कुठल्याच लेबलावर नाहीये.

त्या दिवशी निघताना बाईंनी बरणीतून मूठभर दोरे काढून पर्समध्ये घातले. सव्वीस वर्षांत त्या इमारतीतून त्यांनी एक टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनी एक दोरा आप्पांच्या हातात ठेवला. सांगायचं धाडस अजूनही झालं नव्हतं. वाटलं होतं, निदान वाचू तरी देत. आप्पांनी दोरा ओळखला, कपाळाला लावला. मग बोटं चालायला लागली. मादी, ते म्हणाले. चढणीवर, चांगली सहा गाठींची चढण, दमला असणार माझा बाप. घरटं होतं. आता लेबल दे, कुठलं पाखरू ते बघू दे. आणि लेबलाच्या बाजूचं टोक शोधत त्यांचा अंगठा मागे आला आणि थांबला. त्यांनी ते टोक दोन बोटांत फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"याला लेबलाची गाठ नाही," आप्पा म्हणाले. "हा तुटलेला नाही. कापलाय. कात्रीने कापलाय."

बाईंनी पर्समधले उरलेले दोरे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"सगळे?"

"सगळे."

"कोण गाढव बसवलंय तिथे?"

"मी," टाचणीबाई म्हणाल्या. "मीच कापले, आप्पा. एकेक करून. मी अक्षर शोधत होते."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला काय ठाऊक दोरे कापतात म्हणून, असं काहीतरी आप्पा पुटपुटले. बाईंच्या ओठांवर आलं होतं, की सातव्या डब्याच्या वेळी बोलला असतात तर बावीस डबे वाचले असते. त्या दिवशी मी तुमचा हात धरून बसले होते आणि तुम्ही तेच असणार म्हणालात. पण समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आंधळा माणूस दोरा धरून बसला होता. ते शब्द त्यांनी गिळले. आप्पांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि ठेवून घेतला. उरलेले वाचायला मागितले नाहीत.

चार महिन्यांनी कागद जगासाठी खुले झाले. संग्रहालयात समारंभ झाला, जिन्यावरच्या पुतळ्याला हार घातला गेला, मॅडमचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. टाचणीबाई खाली तळघरात होत्या, कुणीतरी पेटीवजा लाकडी खोकी आणून टाकली होती ती लावत. संध्याकाळी घरी आल्या तर वहिनी फोन घेऊन आप्पांच्या खाटेवर बसलेली. तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने आपलं कौतुकाने संग्रहालयाचं पान उघडलं होतं आणि आप्पांना लेबलं वाचून दाखवत होती. ताई, या ना, किती स्वच्छ दिसतंय, म्हणाली. बाईंनी बघितलं. खंड्याचं लेबल. पांढऱ्यावर काळं अक्षर, कोपऱ्यात रिकामं भोक. त्यांनी मानेनेच नको नको म्हटलं, पण वहिनी वाचायला लागली होती.

"संग्राहक, डॉक्टर. साहाय्यक, माहीत नाही. जागा, डोंगराळ भाग. जोडलेल्या वस्तू, नाहीत." मग ती थबकली आणि आनंदाने जवळजवळ ओरडलीच. "अहो आप्पा, आपलं आडनाव आहे की इथे! पूर्वतयारी, म्हणून ताईंचं पूर्ण नाव दिलंय, तुमच्या नावासकट. थांबा, पुढचं बघते. यावरही आहे. यावरही. आप्पा, सगळ्या लेबलांवर आहे!"

ती पुढची पानं सरकवत राहिली, आणि प्रत्येक पानावर थांबून आडनाव मोठ्याने वाचत राहिली. आप्पांनी बोटावरचा दोरा सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.